कामगार वस्तीत पौष्टिक जेवणाची फिरती गाडी: बेळगाव भागात सुरुवात करणाऱ्यांसाठी

उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या कारखान्यांची फाटकं, वडगाव-खासबागेतल्या विणकरांच्या गल्ल्या, निपाणीतल्या विडी कामगारांच्या वस्त्या. यांपैकी कुठेही सकाळी आठला उभं राहून बघा, काय मिळतं ते: वडापाव, भजी, मैद्याचा पाव आणि भरपूर साखरेचा चहा. संध्याकाळी गोबी मंचुरी. हे सगळं गरम असतं, हातात पटकन पडतं आणि खिशाला परवडतं. तुमची गाडी या तीन गोष्टींत मागे पडली, तर ताटात कितीही चांगलं असो, कुणी विचारणार नाही.

त्यामुळे गाडीवर ‘आरोग्यदायी आहार’ किंवा ‘हेल्दी फूड’ अशी पाटी लावू नका. ती वाचून माणूस दोनच अंदाज बांधतो: महाग असणार आणि अळणी असणार. पाटीवर पदार्थाचं नाव आणि किंमत एवढं पुरे. डाळ वाढवणं, तेल-मीठ कमी करणं, भाजी घालणं हा कारभार पातेल्यात होऊ द्या.

१. आधी जागा आणि गिऱ्हाईक, गाडी नंतर

गाडी घेण्याआधी निवडलेल्या जागी आठवडाभर वही घेऊन उभे राहा. किती वाजता किती माणसं येतात, काय घेतात, किती रुपये देतात, घरचा डबा आणतात का, हे टिपा. पगाराच्या आठवड्यात आणि महिनाअखेरीला अशी दोनदा पाहणी केलीत तर उत्तम, कारण एकाच फाटकावरचं चित्र या दोन वेळी पार वेगळं असतं.

तीन गोष्टी खास बघा.

कर्नाटक सरकारच्या मोफत तांदळाच्या अन्नभाग्य योजनेमुळे बहुतेक गरीब घरांत तांदूळ असतो. डब्यात भात आणि पातळ आमटी असते. कमी पडते ती डाळ, कडधान्य, भाजी. आणि सकाळचा नाष्टा तर बहुतेकांचा हुकतोच. नुसता भात विकायला जाल तर गिऱ्हाईक म्हणेल, तो घरी आहे.

राज्य सरकारच्या इंदिरा कँटीनमध्ये ५ रुपयांत नाष्टा आणि १० रुपयांत जेवण मिळतं. त्या किमतीशी झुंजण्यात अर्थ नाही. कँटीनपासून चालत जाण्याच्या टप्प्यात गाडी लावू नका. जिथे कँटीन नाही किंवा कारखान्याची पाळी सुटण्याच्या वेळेला तिथलं जेवण संपलेलं असतं, ती जागा तुमची.

घरबसल्या विड्या वळणाऱ्या बायका रस्त्यावर उभ्या राहून खात नाहीत. त्या डबा घेऊन येतात आणि घरी नेतात. तिथे गाडी गल्लीच्या तोंडाशी, अकराच्या सुमाराला हवी. घरून भांडं आणलं तर अर्धा डाव जास्त, एवढा एक नियम ठेवलात की पार्सलच्या पिशव्यांचा खर्चही वाचतो.

सुरुवातीला थांबे दोनच ठेवा, सकाळी एक आणि दुपारी एक. प्रत्येक थांब्यावर गाडी लावणं, मांडामांड, आवराआवर यात अर्धा तास जातो. पाच ठिकाणी फिरणाऱ्याचं अन्न थंड होतं आणि त्याची वेळ कुठेच ठरत नाही. फाटकावरच्या माणसाला जेवायला अर्धा तास मिळतो. तुम्ही दोनदा उशिरा आलात की तिसऱ्या दिवशी तो वडापाववाल्याकडे गेलाच म्हणून समजा.

२. मेनू: पदार्थ मोजके, मापं पक्की

खाणं ओळखीचंच हवं. सकाळी भाज्या-शेंगदाणे घातलेलं उप्पीट आणि उकडलेलं अंडं, दुपारी मसूर खिचडी आणि मटकीची उसळ-भाकरी, उन्हाळ्यात सोबत नाचणीची आंबील. पहिल्या तीन महिन्यांत यापलीकडे जाऊ नका.

मसूर खिचडी, ६० ताटं. तांदूळ ३.६ किलो, मसूर डाळ २.४ किलो, भाज्या ४ किलो (गाजर, कोबी, दुधी, पालक, जे त्या दिवशी स्वस्त असेल ते), तेल ३०० मिली, पाणी २० ते २१ लिटर. ताट साधारण ४५० ते ४८० ग्रॅमचं होतं. घरी आपण तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेतो. इथे तिनास दोन आहे आणि सगळा फरक तिथेच पडतो. ताटात १४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. मसूर घेण्याचं कारण साधं आहे: भिजवावी लागत नाही, लवकर शिजते, तुरीपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते आणि अख्ख्या मसुराची चव या भागात सगळ्यांच्या जिभेवर आहे.

तेलाचे दोन भाग करा. २०० मिलीत कांदा-लसूण परतून खिचडी शिजवा. उरलेलं १०० मिली गाडीवर न्या आणि दर वीस-पंचवीस ताटांनंतर छोट्या कढल्यात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता यांची फोडणी करून वरून ओता. गिऱ्हाईक ओढून आणायचं जे काम भज्यांच्या कढईचा वास करतो, तेच काम हा लसणाचा चरचराट करतो, आणि प्रत्येक ताटाच्या वाट्याला तेल येतं ५ मिलीच.

खिचडी ठेवल्यावर आळते. शिजवतानाच जास्त पाणी घालून सैल ठेवली तर पहिली ताटं पाणचट जातात. त्यापेक्षा पाच लिटर उकळतं पाणी थर्मास कॅनमध्ये वेगळं न्या आणि लागेल तसं मिसळा.

मीठ मुठीने टाकू नका, वजन करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं. पहिल्याच दिवशी तिथवर उतरलात तर ताटं परत येतील. ६० ताटांच्या पातेल्याला २०० ग्रॅमने सुरुवात करा आणि दर पंधरा दिवसांनी १० ते १५ ग्रॅम कमी करत १५० वर या. एवढा हळू उतार जिभेला कळत नाही. पापड, लोणचं ठेवू नका. कमी केलेलं सगळं मीठ त्यातून परत येतं. त्याऐवजी कारळ्याची किंवा जवसाची चटणी आणि लिंबाची फोड. तयार मसाल्याच्या पुड्यांतही मीठ असतं, पुडीमागचा मजकूर वाचूनच पातेल्यातलं मीठ ठरवा.

मटकीची उसळ, ६० ताटं. कोरडी मटकी २.५ किलो, ८ तास भिजवून फडक्यात बांधायची. एप्रिल-मेमध्ये १० ते १२ तासांत मोड येतात, डिसेंबरात दिवस लागतो. मोड पाव इंचाचा झाला की थांबा. उन्हाळ्यात ‘आणखी थोडे लांब येऊ देत’ म्हणून ठेवलेली मटकी चिकट होते, आंबूस वास येतो आणि सगळा माल जातो. वजन साधारण दुपटीपेक्षा थोडं जास्त भरतं. मोड आलेलं कडधान्य कच्चं देऊ नका, भेळेत नाही आणि कोशिंबिरीतही नाही. ज्या ऊबेत आणि ओलाव्यात मोड वाढतात त्यातच जंतूही वाढतात. दहा मिनिटं चांगलं वाफवून मगच वापरा.

उसळ म्हटलं की लोक वर तांबडी तर्री शोधतात. तर्री म्हणजे तेल. तो तांबडेपणा मिरचीतून आणा: रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. ब्याडगी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून वाटा आणि कांद्याबरोबर मंद आचेवर परता. ३०० मिली तेलात ६० ताटांना पुरेसा रंग येतो. आच मोठी झाली की मिरची काळवंडते आणि मग रंग परत आणायला तेल ओतलं जातं, म्हणून हे काम घाईच्या माणसाला देऊ नका. खायचा रंग तर अजिबात नको. गोबी मंचुरी आणि कॉटन कँडीत कृत्रिम रंग वापरायला कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये बंदी घातली. त्यानंतर तपासणीला येणारे अधिकारी सगळ्यात आधी लाल ताटाकडे बघतात.

भाकरी. गाडीवर भाकरी थापत बसणं जमत नाही. जागा नाही, वेळ नाही, आणि तव्याच्या आचेने आतला माणूस भाजून निघतो. ताटाला दोन म्हणजे १२० भाकऱ्या, जोंधळ्याचं पीठ १० ते ११ किलो. वस्तीतल्याच दोन-तीन बायकांना किंवा स्त्रीशक्ती संघाला (बायकांच्या बचत गटाला) भाकरीमागे दर ठरवून काम द्या. पीठ ताजं दळलेलं हवं. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते आणि दुपारपर्यंत तिचे तुकडे होतात. प्लास्टिकच्या डब्यात भाकरीला घाम सुटतो, खालच्या दोन-चार ओल्या होऊन फेकाव्या लागतात. सुती फडकं घातलेली बुट्टी (टोपली) हीच खरी जागा. शिवाय कडक भाकरीचा एक गठ्ठा गाडीत कायम असू द्या. ती कित्येक दिवस टिकते, आणि भाकरीवालीच्या घरी काही अडचण आली तर तुमचा दिवस बुडत नाही.

आंबील, ६० ग्लास. नाचणीचं पीठ १.५ किलो रात्री पाण्यात कालवून ठेवा, पहाटे शिजवा, पसरट पातेल्यांत ओतून दोन तासांच्या आत गार करा आणि गार झाल्यावरच ताक, मीठ, जिरं घाला. एकूण १३-१४ लिटर भरते. एका ग्लासात साधारण ९० मिलिग्रॅम कॅल्शियम जातं. गरम आंबिलीत ताक घातलं की फुटतं. बर्फ कॅनच्या बाहेरून लावा, आत नको. कारखान्यातला निळसर बर्फ खाण्यासाठी नसतोच, म्हणून तर त्याला रंग देतात.

तळण नको. ‘गिऱ्हाईक यावं म्हणून सुरुवातीला थोडी भजी ठेवू’ हा मोह सगळ्यांना होतो. एकदा कढई चढली की सगळे भजीच मागतात आणि खिचडी उरते. शिवाय तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं जातं. कायद्यानुसार तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल तापून तापून खराब झाल्याने वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही, आणि हे गाडीवर मोजणार कोण?

चहाही नको, आणि याला दोन कारणं आहेत. जेवणाबरोबर चहा घेतला की डाळ-पालेभाजीतलं लोह नीट अंगी लागत नाही. लिंबाने उलट होतं, म्हणून प्रत्येक ताटात फोड द्या. दुसरं कारण धंद्याचं: जवळचा चहावाला तुमचा वैरी होण्याऐवजी माणसं तुमच्याकडे पाठवेल.

३. गाडी: स्वयंपाकघर समजू नका

गाडीवर अन्न गरम ठेवायचं, फोडणी द्यायची, वाढायचं. शिजवायचं सगळं मूळ जागी, म्हणजे तुमच्या स्वयंपाकाच्या जागेत. असं केलं की एक शेगडी पुरते, पाणी निम्मं लागतं आणि आगीचा धोका कमी होतो.

टाटा एससारख्या छोट्या टेम्पोचा हौदा साधारण ७ फूट बाय ५ फूट, भारक्षमता ७५० किलोच्या आसपास. आता वजन मांडा: पाणी १६० किलो, भरलेला व्यावसायिक सिलिंडर ३५, अन्न ६० ते ६५, ताटं आणि भांडी ३०, वरची बॉडी व आतलं काम २०० ते २५०. पाचशेच्या आसपास गेलं, माणसं अजून धरलीच नाहीत. मालवाहू तीनचाकी स्वस्त पडते, पण एवढ्या ओझ्यानं चढाला दम टाकते.

बॉडी बांधून घेताना:

- वाढायची खिडकी डाव्या बाजूला. उजवीकडे काढली तर गिऱ्हाईक रहदारीत उभं राहतं.
- हौदा जमिनीपासून अडीच फुटांवर असतो, त्यावर तीन फुटांचा ओटा म्हणजे बाहेरच्या माणसाच्या डोक्याएवढी उंची. बुटक्या बायका, पोरं यांचे हात पोचत नाहीत. बाहेरून साडेतीन फुटांवर खाली पडणारी फळी लावून घ्या.
- स्टील ३०४ प्रतीचं मागा. लोहचुंबक लावून बघण्याचा काही उपयोग नाही. स्वस्त २०२ लाही चुंबक चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घ्या. २०२ ला मिठा-लिंबाच्या जागी काही महिन्यांतच तांबडे ठिपके येतात.
- सिलिंडर उभा, वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याला तळाशी जाळी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की खाली साचते. वर खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.
- घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्यात वापरणं बेकायदा आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर किंवा परवानाधारक दुकानातला ५ किलोचा छोटा घ्या.
- पावडरचं अग्निशामक नळकांडं दाराशी, शेगडीच्या पलीकडे नाही. आग शेगडीवर लागते, तिच्यावरून हात नेऊन ते काढता येत नाही.

सीमाभागातला खास सापळा. गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूरकडे जुना टेम्पो स्वस्तात मिळतो. एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरच्या नंबरची, गाडी घेऊन इकडे धंदा सुरू केला की वर्षाच्या आत कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो, आणि इथला कर वेगळा भरावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, लागते. मूळ मालकावर कर्ज किंवा चलन थकलेलं असेल तर ती अडकते. पैसे देण्याआधी फॉर्म २८ आणि मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३० यांवर सह्या घ्या आणि बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र बघा. बेळगावचा नंबर केए-२२, चिक्कोडीचा केए-२३. तुमचा पत्ता ज्या हद्दीत, तिथेच अर्ज. हौद्याची बॉडी बदलणार असाल तर आधी आरटीओची मंजुरी घ्या आणि आरसीवर नोंद करून घ्या. ही नोंद नसली तर फिटनेस तपासणीला गाडी अडते आणि अपघातात विमा कंपनी हात वर करते.

४. कागदपत्रं

हाताशी ठेवा: आधार, पॅन, फोटो, बँक पासबुक, स्वयंपाकाच्या जागेचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार), गाडीची आरसी, विमा, फिटनेस, चालकाचा परवाना, अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाचा वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, पाण्याच्या तपासणीचा अहवाल. प्रत्येकाच्या चार प्रती, आणि एक संच प्लास्टिकच्या फाइलमध्ये गाडीत.

अन्न सुरक्षेची नोंदणी केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) फॉसकॉस पोर्टलवर होते. लहान व्यवसायाला परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. उलाढालीची कोणती मर्यादा लागू आहे हे अर्जाच्या दिवशी पोर्टलवर बघा, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. नोंदणीचं सरकारी शुल्क अगदी किरकोळ आहे. त्याच कामाचे एजंट हजारो रुपये घेतात. मिळालेला १४ अंकी क्रमांक गाडीवर दिसेल असा लावा. अर्जात ‘फिरता विक्रेता’ हा प्रकार निवडायला विसरू नका, नाहीतर अर्ज हॉटेलच्या रांगेत जातो आणि तशीच कागदपत्रं मागितली जातात.

जागेच्या परवानगीत हद्दीचा घोळ फार होतो. शहरात महानगरपालिका, पण कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड. महापालिकेचा कागद तिथे चालत नाही. शहराबाहेर ग्रामपंचायत किंवा पट्टण पंचायत. पुणे-बंगळूर महामार्गाच्या सेवा रस्त्यावर गाडी लावायचा विचारही करू नका. कारखान्याच्या आवारात जागा मिळाली तर सगळ्यात बरं. व्यवस्थापनाचं एक पत्र घेऊन ठेवा.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार पालिका विक्रेत्यांचं सर्वेक्षण करून विक्री प्रमाणपत्र देते. ते किंवा पालिकेचं शिफारसपत्र असेल तर पथविक्रेत्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेतून टप्प्याटप्प्याने १५ हजार, २५ हजार आणि ५० हजारांचं कर्ज मिळू शकतं. यातून गाडी येणार नाही, भांडी आणि पहिल्या महिन्याचा किराणा येईल.

पाटी: व्यावसायिक फलकावर ६० टक्के जागा कन्नडला, हा राज्याचा नियम आहे. वर कन्नड, खाली मराठी, वस्ती तशी असेल तर उर्दू, आणि शेजारी ताटाचा फोटो व किंमत. फलक आधी कन्नड जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, मग रंगवा. अर्ज कन्नडमध्ये असतात; भरून देणारा माणूस सोबत न्या, पण सही करण्याआधी काय लिहिलंय ते वाचून घ्या.

शिनोळी, कागलकडे, म्हणजे सीमेपलीकडे, गाडी न्यायची असेल तर कोल्हापूरच्या अन्न व औषध प्रशासनाला आधी विचारा. कर्नाटकातल्या नोंदणीवर तिकडे विकता येईल असं गृहीत धरू नका.

५. पाणी, तापमान आणि हात

बेळगाव शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून येतं. उन्हाळ्यात दिवसाआड नळ आणि मग टँकर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. टँकरचं पाणी स्वयंपाकाला घ्यायचंच तर उकळून किंवा क्लोरीन गोळी टाकून, पाकिटावरच्या मापाने. गाडीवरची टाकी आठवड्याला रिकामी करून घासा. आत हिरवट बुळबुळीत थर लागला असेल तर नुसतं नवं पाणी भरून भागत नाही.

शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ च्या खाली. मधल्या तापमानात जंतूंची चैन असते. टोकदार सळईचं डिजिटल थर्मामीटर काही शेकड्यांत मिळतं. निघताना, पोचल्यावर आणि नंतर दर तासाला पातेल्याच्या मध्यभागी बुडवून बघा आणि वहीत लिहा. ६० च्या खाली आलं तर लगेच उकळी आणा. किती वेळ खाली होतं हेच माहीत नसेल, तर फेका.

उरलेली खिचडी दुसऱ्या दिवशी वापरू नका. भातातल्या काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दीडच्या सुमाराला किती ताटं उरली ते मोजा आणि शेवटच्या वीस मिनिटांत पाच-दहा रुपये कमी करून संपवा. रोज ठरल्या वेळी किंमत उतरवू नका, नाहीतर लोक त्या वेळेचीच वाट बघतात.

एक माणूस वाढणार, दुसरा पैसे घेणार. प्लास्टिकचे मोजे घालून नोटा मोजणारा आणि त्याच हाताने भाकरी उचलणारा विक्रेता रोज दिसतो. त्यापेक्षा साबणाने धुतलेला उघडा हात बरा. २० लिटरची तोटीवाली टाकी आणि साबण खिडकीजवळ बाहेरच्या बाजूलाही ठेवा. फाउंड्रीत ओतकाम करणाऱ्याचे हात काळे असतात, त्याला पाणी मिळालं की तो तुमच्याच गाडीवर येतो.

ताटं स्टीलची, ७० तरी. रस्त्यावर धुऊ नका. खरकटं बादलीत, ताटं क्रेटमध्ये, धुणं मूळ जागी. वर्तमानपत्रात भाकरी गुंडाळून देऊ नका, शाई अन्नात उतरते आणि नियमानेही ते बंद आहे. पुढे कधी सकाळी इडली ठेवणार असाल तर साच्यावर कापडच घाला. इडलीसाठी प्लास्टिकचा कागद वापरण्याविरुद्ध राज्याने २०२५ मध्ये पाऊल उचललं आहे.

६. हिशेब

खालचे दर उदाहरणादाखल आहेत. बेळगावच्या रविवार पेठेतले आणि भाजी मार्केटचे त्या आठवड्याचे भाव घालून पुन्हा मांडा.

खिचडी, ६० ताटं: तांदूळ १६२, डाळ २१६, भाज्या १२०, तेल ४५, बाकी ८०. एकूण ६२३, म्हणजे ताटाला साडेदहा रुपये. विक्री ३० ला.

उसळ-भाकरी, ६० ताटं: मटकी २७५, कांदा-टोमॅटो-खोबरं १३०, तेल ४५, मसाला-लिंबू ९०. एकूण ५४०, ताटाला ९ रुपये. पण ८ रुपयांच्या दोन भाकऱ्या धरल्या की २५. विक्री ४० ला.

म्हणजे उसळीचं ताट महाग भाकरीमुळे होतं, कडधान्यामुळे नव्हे. एक भाकरी, अर्धी उसळ, अर्धी खिचडी असं मिश्र ताट पावणेअठरा रुपयांत बसतं आणि ३५ ला जातं. पोट भरतं, दोन चवी मिळतात. बहुतेक लोक तेच मागतात.

आता रोजचा ठरलेला खर्च: दोन माणसांची मजुरी, डिझेल, गॅस, गाडीचा हप्ता, जागेचं भाडं. हा १,५०० रुपये धरला आणि दुपारच्या ताटामागे सरासरी १७ सुटले, तर ६० ताटांत १,०२० होतात. भागत नाही. सकाळच्या ५० बश्या उप्पिटावर प्रत्येकी १३ सुटले तर ६५०, आंबिलीचे ४० ग्लास २४०, असे मिळून १,९१० होतात. दुपारपुरती गाडी काढणारे बहुतेक जण इथेच अडकतात: ताटं संपतात, गर्दी असते, आणि महिन्याच्या शेवटी हातात काही राहत नाही.

मूळ स्वयंपाकाची जागा घर असेल तर मीटर तपासा. मोफत विजेच्या गृहज्योती योजनेतल्या घरगुती जोडणीवर धंदा चालवणं हेस्कॉम या वीज कंपनीच्या नियमात बसत नाही, आणि दंड वाचवलेल्या बिलापेक्षा मोठा असतो. स्वस्त तांदळाचा दुसरा मोहही टाळा: रेशनचा तांदूळ कुणी दारात आणून विकला तर घेऊ नका. अन्नभाग्यचा तांदूळ धंद्यासाठी विकत घेणं हा गुन्हा आहे.

उधारीची वही ठेवण्यापेक्षा कूपन छापा. पगाराच्या दिवशी दहा ताटांचे पैसे घेऊन अकरा कूपनं द्या. पैसे आधी येतात, आणि महिनाअखेरीला खिसा रिकामा असतानाही तो माणूस जेवतो. बांधकामावर मेस्त्रीशी, ऊसतोडीच्या टोळीत मुकादमाशी बोला. पण ताटाचे पैसे त्याच्या हातून मजुरीतून कापले जाणार असतील तर मजुरांना किंमत आधी स्वतः सांगा. ३० चं ताट ४५ ला लावल्याचा आळ शेवटी तुमच्यावर येतो.

७. ऋतू आणि सणवार

जून ते सप्टेंबर इथला पाऊस तिरपा येतो. छपराला पुढे चार फुटांची ताडपत्री लागते, नाहीतर खिडकीतून पाणी थेट पातेल्यात. या दिवसांत आंबील बंद, खिचडी जास्त; भाकरी सर्द होते म्हणून थोडी कमीच आणा. खानापूरच्या रस्त्याला थांबा असेल तर मुसळधार दिवसांसाठी कारखान्याच्या आतली जागा आधी ठरवून ठेवा.

अंडी सोमवारी, गुरुवारी, शनिवारी कमी खपतात आणि श्रावणात जवळजवळ नाहीत. अंड्याचं भांडं आणि चमचा वेगळे, तेही गिऱ्हाइकाला दिसतील असे. रमजानात मुस्लिम वस्तीतला दुपारचा थांबा संध्याकाळी न्या. नोव्हेंबर ते मार्च संकेश्वर, चिक्कोडी, निपाणी पट्ट्यात ऊसतोड टोळ्या उतरतात. त्या पहाटेच फडात जातात, त्यामुळे फाटकाचं वेळापत्रक तिथे लागू होत नाही: गाडी अंधार पडायच्या आधी खोप्यांजवळ, आणि भाकरी दुप्पट. टोळीतल्या बायका दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर पुन्हा चूल पेटवतात. तयार भाकरी सगळ्यात आधी त्याच घेतात.